एक आवाज कमी

दिनांक १८ जानेवारी २००४, रविवार. रक्कम एकशे एक रुपये. हजर: मी, माझी बायको सुमन, तिचा धाकटा भाऊ देवराव, गिरजाबाई नावाची म्हातारी आणि गावातले चार जण, त्यांतल्या दोघांच्या हातात सबली, म्हणजे लोखंडी पहारी. ठिकाण: माझ्या सासुरवाडीच्या शिवारातली बंद पडलेली गिट्टी खदान. देवरावनं माझ्याकडे एका ओट्यासाठी वर्गणी मागितली आणि मी दिली नाही. पैसे खिशात होते. चार लोकांसमोर देवाची वर्गणी नाकारणारा जावई, असं माझं नाव त्या दिवशी झालं. का नाकारली हे सांगायचं तर आधी खदान सांगावी लागेल.

आमच्या वर्धा जिल्ह्यात खाण कोणी म्हणत नाही, खदानच म्हणतात. हे गाव जामपासून थोडं आत आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथं मला अजून जावं-यावं लागतं. गावाबाहेर काळ्या दगडाची एक बुटकी टेकडी होती. रस्त्यांना गिट्टी लागायला लागली तशी एका शेठनं ती पट्ट्यानं घेतली, क्रशर बसवला आणि काही वर्षांत टेकडीचा खड्डा केला. त्या खदानीत मी एक्क्याण्णवपासून अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीपर्यंत ब्लास्टर होतो. म्हणजे सुरुंग लावायचा परवाना माझ्या नावावर होता आणि बार उडवणं माझं काम. लग्नही तिथूनच जमलं. सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते वाती पेटवून मी चालत परत येत असताना. मागे बार उडणार आहे आणि पोरगा पळत नाही, म्हणजे शांत स्वभावाचा आहे, असं त्यांनी ठरवलं. मी शांत नव्हतो. पळणारा ठेचकाळून पडतो, आणि पडलेल्याला उठायला वेळ नसतो, म्हणून चालत होतो.

आता वर्ध्याजवळ सिंदी मेघेत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे वजनावर विकतो, रंग डब्यावर विकतो. गिऱ्हाइकांना कळलं की मी ब्लास्टर होतो, तर ते म्हणतात, तुम्ही धीट असाल. उलट आहे. या कामात धीट माणूस सगळ्यांना घेऊन बुडतो. मला पगार भिण्याचाच मिळत होता, आणि मी तो इमानदारीनं कमावला.

काम असं चालायचं. बिसाहू नावाचा आमचा ड्रिलवाला होता, बिलासपूरकडचा, क्रशरमागच्या झोपड्यांत बायको-मुलांसह राहायचा. तो दगडात पुरुषभर खोल होलं पाडायचा, एका रांगेत. प्रत्येक होलात मी बारूदाच्या कांड्या सोडायचो, एका कांडीत ठिणगी पडताच फुटणारी टोपी बसवलेली, टोपीला वात जोडलेली. वरून मातीची दाबणी. बाहेर राहायचं ते वातीचं टोक, हातभर. मग शिट्टी, लाल झेंडी आणि ओरडा: बारूद है, हटो. तीनदा. आजूबाजूच्या वावरांतले लोकही काम टाकून आडोशाला जायचे. त्या गावातली पोरं चालायला शिकली तेव्हाच हा ओरडा ओळखायला शिकली होती. मग मी एकेक वात पेटवत जायचो आणि चालत क्रशरच्या चुरीच्या ढिगामागे यायचो.

ढिगामागे खरं काम सुरू व्हायचं. आवाज मोजायचे. मी मोजायचो आणि बिसाहू मोजायचा, मनातल्या मनात, बोटं मुडपून. मोठ्यानं मोजायचं नाही, कारण एकाचा आकडा ऐकला की दुसरा तोच धरून बसतो. सगळं थांबलं की दोघांनी एकदम आकडा सांगायचा. आकडे वेगळे आले तर लहान आकडा खरा. हा नियम कोणत्या पुस्तकात नव्हता, आमचा होता. होलं बारा असली आणि आवाज अकरा आले, तर एक बार दगडात तसाच बसलेला आहे. तो आता उडेल, उद्या उडेल, किंवा कोणी सबल मारली तर तेव्हा उडेल. लोकांना वाटतं, ब्लास्टर आवाजाला भीत असेल. आवाज झाला की मला हायसं वाटायचं. भीती होती ती न झालेल्या आवाजाची.

न उडालेल्या बाराला मिसफायर म्हणतात. बिसाहूच्या तोंडात इंग्रजी शब्द गेला की वेगळाच होऊन बाहेर यायचा. कंप्रेसरचं कंपेसर, सेफ्टीचं सेप्टी, आणि मिसफायरचं आधी मिसपायर, मग मिसपीर. पुढं पुढं आम्ही सगळेच मिसपीर म्हणायला लागलो. अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही. मग होलाभोवती तीन दगड त्रिकोणात मांडायचे, त्यांना क्रशरच्या लोखंडाला लावायचा लाल रंग फासायचा, आणि ब्लास्टर त्याची विल्हेवाट लावेपर्यंत त्या तिन्हींच्या आत पाऊल नाही, सबल नाही, विडी नाही. बिसाहू हा नियम माझ्याहून कडक पाळायचा. एकदा शेठ स्वतः बोलत बोलत त्या दगडांपर्यंत आला, तर बिसाहूनं त्याला दंड धरून मागे ओढलं. शेठच्या सदऱ्याची बाही उसवली. तेव्हापासून शेठ खदानीत आला की लांबूनच बोलायचा.

खदानीची गिऱ्हाइकं म्हणजे गिट्टी नेणारे, असं बाहेरच्याला वाटेल. माझी गिऱ्हाइकं वेगळी होती. एक जण सांगत यायचा, आज मुलगी पाहायला पाहुणे येणार आहेत, चहा होईपर्यंत बार लावू नका. आम्ही थांबलो, लग्न जमलं, खदानीवर बुंदी आली. एकानं कोंबड्या अंडी देत नाहीत म्हणून नुकसानी मागितली. चौकशी केली तर अंडी त्याचा भाऊच नेत होता. आणि एक गिरजाबाई. तिच्या दहा-बारा शेळ्या होत्या आणि तिला ऐकू कमी यायचं. शिट्टी तिच्या कामाची नव्हती. म्हणून मी रोज बार उडवायच्या आधी कोणाला तरी लाल फडकं घेऊन तिच्याकडे पाठवायचो. बहुतेक वेळा बिसाहूच जायचा. त्याचं तिच्याशी जमलं होतं. तो हातवारे करून बोलायचा आणि ती त्याला ताक द्यायची.

अठ्ठ्याण्णवला मी दुकान टाकलं आणि नोकरी सोडली. माझ्यानंतर शेठनं कायमचा ब्लास्टर ठेवला नाही. लागेल तेव्हा दुसऱ्या खदानीतला माणूस मोटारसायकलवर यायचा आणि बार लावून निघून जायचा. पुढच्या उन्हाळ्यात पट्टा संपला, खदान बंद पडली, कंप्रेसर दुसरीकडे गेला आणि झोपड्यांतली माणसंही गेली. त्यानंतर मी कधी तिकडे फिरकलो नाही. सासुरवाडीला गेलो तरी टेकडीच्या बाजूची खाट धरायची नाही, असं माझं होतं.

त्या रविवारी सुमनच म्हणाली, की सगळे खदानीचं पाणी पाहायला जातात, डबे घेऊन जातात, आणि ज्यानं ती खोदली त्याच्या बायकोनं काही ते पाहिलं नाही. डॉक्टरांनी मला चालायला सांगितल्याची आठवणही तिनं करून दिली. देवराव वाट दाखवायला निघाला. मला वाट दाखवायला.

वाट खरोखर सोपी आहे. कोणीही चपला घालून जावं. शाळेमागून पांदण निघते. एका बाजूला तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, दुसऱ्या बाजूला हरभरा घाट्यांवर आलेला. सुमननं दोन डहाळ्या उपटल्या आणि सोलत सोलत चालली. नाल्याला पाणी टाचभर. नाला ओलांडला की जमीन जराशी चढते आणि पायाखालचा रंग बदलतो: काळी माती संपते, राखाडी चुरी लागते. तिथं माझी चाल बदलली. मला कळलं नाही, सुमनला कळलं. मी मान खाली घालून, पाऊल टाकायच्या जागा निवडत चाललो होतो.

“काही हरपलं का?” तिनं विचारलं.

काही हरपलं नव्हतं. मी वातीचे तुकडे शोधत होतो. ब्लास्टरची नजर तशीच होते. जिथं तिथं बोरी आणि सीताफळाची झुडपं उगवली होती, क्रशरच्या पायव्यावर शेळ्या बसल्या होत्या, बारूद ठेवायच्या खोलीचं छप्पर कोणी तरी काढून नेलं होतं आणि आत एरंड उभा होता. ज्या दारावर मी दोन कुलपं लावायचो तिथं दारच नव्हतं. पाहणाऱ्याला हे सगळं शांत दिसलं असतं. मला एवढंच दिसत होतं, की कुठंच शिट्टी नाही, झेंडी नाही आणि माणसं मोकळी फिरत आहेत.

देवराव पुढं होता. “लोकं म्हणत भाऊजी पहाड फोडतात,” तो मागे वळून म्हणाला, “आन आता हा ढीग चढाले घाम फुटून राह्यला.”

जानेवारीचं ऊन होतं, घामाचं कारण ते नव्हतं.

पाणी मोठं देखणं होतं. हिरवट निळं, चारी बाजूंनी काळा दगड सरळ तुटलेला, पलीकडच्या कडेवर दोन बगळे. सुमन म्हणाली, किती छान केलंत हो तुम्ही. मी तिला कडेपासून हाताला धरून मागे घेतलं. ते पाणी किती खोल आहे ते मला माहीत होतं, आणि शेवटच्या वर्षात तिथं काय काय झालं ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त होती.

“चला,” देवराव म्हणाला, “आता मिसपीर बाबाचं दर्शन घेऊन घरी जाऊ. आज ओट्याचं काम सुरू करून राह्यले. तुमच्या नावानं एकशे एक मांडतो मी.”

मी विचारलं, कोणता बाबा?

“मिसपीर. तुमच्या टायमाले नव्हता का? लय कडक देवस्थान हाय, भाऊजी. आत पाय ठेवला का माणूस वाचत नाई म्हणते.”

हातातला हरभरा मी तिथंच टाकला. मी सुमनकडे पाहिलं तर ती पुढं निघाली होती. पिशवीतून नारळ काढून तिनं हातात घेतला होता. देवरावनं घरून निघतानाच तो तिच्याकडे दिला होता. मी तिला हाक मारली. तिला वाटलं, मी वर्गणीवरून हटकतोय. तिनं हातानंच राहू द्या म्हटलं आणि वळणामागे गेली.

वळणामागे आमचा शेवटचा बेंच होता, म्हणजे दगडाची ती पायरी जिथं खोदकाम थांबलं होतं. तिथं एक बांबू उभा केलेला, वर हिरवं फडकं. खाली तीन दगड, त्रिकोणात. लाल रंग उन्हानं विटला होता आणि त्यावर कोणी शेंदूर चढवला होता. दगडांवर हिरवी चादर, बाहेरच्या बाजूला पणती आणि उदबत्त्यांची राख. शेजारी गिरजाबाई मांडी घालून बसलेली. आणि दगडांपासून हातभर अंतरावर दोन जण सबलीनं ओट्याचा पाया उकरत होते, उरलेले दोघं चुरी भरून टोपली बाजूला नेत होते. सुमन नारळ घेऊन वाकली होती.

चार माणसांना आणि बायकोला समजावून सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढा माझ्याकडे नव्हता. शिवाय बारूद आहे म्हटलं तर लोक मागे सरत नाहीत, पाहायला पुढं येतात, हे मला आठ वर्षांत कळलं होतं. मी विचार करून काही केलं असं म्हणणार नाही. माझ्या तोंडून तो जुना ओरडा निघाला.

“बारूद है, हटो!”

साडेचार वर्षं तो आवाज त्या खड्ड्यात कोणी ऐकला नव्हता. तरी चौघंही पळाले. कशासाठी, कोणी विचारलं नाही. देवरावनं बहिणीचा हात धरला आणि तिला ओढत चुरीच्या ढिगामागे नेलं, अगदी त्याच ढिगामागे. नारळ घरंगळत गेला. आणि पळणाऱ्यांपैकी एकानं सबल तिथंच टाकली. लोखंड दगडावर आपटलं, उसळलं आणि पुन्हा आपटलं. तो खणखणाट मी मेल्याशिवाय विसरणार नाही. ढिगामागे पोचेपर्यंत मी पाठीत दगड लागायची वाट पाहत होतो. आणि हो, त्या दिवशी मी पळालो.

काही झालं नाही. आम्ही सगळे दम खात बसलो. मग एक जण हसला. मग दुसऱ्यानं मला विचारलं की पाहुण्यांनी ही काय मस्करी लावली आहे. मी त्यांना सांगितलं की तो पीर नाही, तो मिसफायर आहे, दगडात बारूद आहे, बिसाहूच्या बोलण्यातला शब्द आहे. सांगताना माझा मलाच तो खुलासा खोटा वाटायला लागला. देवरावचा चेहरा उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, “वर्गणी नाई द्याची तं नोका देऊ, भाऊजी. पण चार लोकांत आमच्या देवाले बारूद काऊन म्हणता?”

मी त्याला उत्तर देणार तेवढ्यात सुमननं विचारलं, गिरजाबाई कुठं आहे.

गिरजाबाई जागची हलली नव्हती. तिला ओरडा ऐकूच गेला नव्हता. लाल फडकं घेऊन तिच्याकडे जाणारा आता कोणी नव्हता. सगळे एकदम का पळाले हे न कळून ती इकडे तिकडे पाहत होती, आणि मग पडलेली सबल बाजूला करावी म्हणून तिनं त्या सबलीला हात घातला.

मी उठलो. सुमननं माझा सदरा धरला. “तुमी नोका जाऊ,” ती म्हणाली. “तुमचा परवाना तं कधीच संपला.”

ते खरंच होतं. पण दुसरा कोणी नव्हता. मी चालत गेलो. आयुष्यात एवढी लांब वाट मी कधी चाललो नाही, आणि ती अंगणापासून विहिरीपर्यंत असते तेवढीच होती. नजर म्हातारीच्या हातावर. ती सबल उचलत नव्हती, ओढत होती, टोक दगडावर खरडत. मी जवळ जाऊन आधी सबल धरली, दोन्ही हातांनी उचलली आणि लांब चुरीत आडवी ठेवली. मग तिच्यासमोर बसलो. चादरीचा कोपरा वाऱ्यानं उडाला होता. तिन्ही दगडांच्या मधोमध मातीची दाबणी दिसत होती, पक्की, आणि तिच्यातून वर आलेलं वातीचं टोक. हातभर नव्हतं, वीतभर उरलं होतं. पण जळालेलं नव्हतं. मोटारसायकलवाल्या ब्लास्टरच्या घाईत ती एक वात पेटवायची राहिली होती. पणती तिच्यापासून कोपरभर लांब तेवत होती.

तिनं मला ओळखलं. “जावई नं तुमी? खदानवाले?” मग माझी नजर कुठं आहे ते पाहून म्हणाली, “थे बाबाची वात हाय. आपण नाई लावाची.”

मी तिच्या कानाजवळ जाऊन विचारलं, कोणी सांगितलं?

“बिसाहूनं. जाताना आला होता. माई, इधर मिसपीर है म्हणे, अंदर पाव नाई, सबल नाई, आग नाई. पाया पडला अन् गेला.” तिनं चादर सारखी केली. “चार वर्स मी कोणाले आत येऊ देल्लं नाई. आता हे पोट्टे म्हणते, ओटा झाला का बाबाची वात लावू. मी म्हणलं, मी मेल्यावर लावजा.”

शब्द चुकला होता, पण नियम एकही चुकला नव्हता. चार वर्षं शेळ्या राखणारी पोरं, डबे घेऊन येणारी कुटुंबं, विडी ओढणारे गडी, सगळे त्या तीन दगडांपासून लांब राहिले ते हिच्यामुळं. आणि मी आत्ता येऊन तिला सांगणार होतो की तिचा पीर खोटा आहे. मी सांगितलं नाही. मी म्हटलं, “माय, बाबाले इथून हलवा लागते.”

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. “बिसाहूनं सांगतलं का?”

मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. तीन दगड मांडून त्यानं तेच सांगितलं होतं, फक्त निरोप मला उशिरा मिळाला. मी पणती विझवली. तिनं विझवू दिली. तिला उठवून, तिचा हात खांद्यावर घेऊन मी परत आलो. या वेळी पळालो नाही, म्हातारीला पळता येत नव्हतं.

पुढचं सरकारी आहे, थोडक्यात सांगतो. पोलिस पाटलांनी त्याच दुपारी वाट काट्यांनी बंद केली. देवराव माझ्याशी बोलत नव्हता, पण काटेरी फांद्या सगळ्यात जास्त त्यानंच ओढल्या. नंतर परवाना असलेला एक तरुण ब्लास्टर आला, सोबत दोन पोलिस आणि ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर. पोरगा चांगला होता. जुन्या वातीला त्यानं हात लावला नाही. जुन्या होलाशेजारी, एक फूट सोडून, नवं होल पाडलं आणि त्यात बार भरला. नवा उडाला की जुनाही त्यासोबत उडावा, अशी ती पद्धत आहे. ड्रिलचा तो घरघराट चालू असताना मी ढिगामागे बसून होतो. दुकानात हजारो खिळे ठोकताना ऐकले, पण ड्रिल इतक्या वर्षांनी त्या दिवशीच ऐकलं.

त्याआधी गिरजाबाईनं दगड हलवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. ब्लास्टरनं आधी स्वतः जागा पाहिली, मग तिला जाऊ दिलं. ती एकेक दगड पदरात घेऊन आली, तीनदा. त्या तीन खेपा मी उघड्या डोळ्यांनी पाहिल्या नाहीत.

मग शिट्टी. मग बार. खदानीतलं पाणी थरारलं, बगळे उडाले, चुरी आमच्या अंगावर पडली. मी सवयीनं बोटं मुडपली होती. ब्लास्टर म्हणाला, “एक.” त्याच वेळी मी म्हणालो, “दोन.” मला दोन ऐकू आले होते, एकाला लागून दुसरा. सुमन म्हणाली, तिलाही दोनच वाटले. ब्लास्टरचं म्हणणं, दोन्ही एकदम उडाले तर आवाज एकच येणार, आणि दुसरा होता तो पलीकडच्या दगडावरून फिरून आलेला. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पण आमच्या नियमानं लहान आकडा खरा, आणि लहान आकडा एक होता, होलं दोन.

त्याला मी नियम सांगितला. तो हसला नाही. आम्ही दोघांनी मिळून सगळा मलबा हातानं चाळला, ऊन उतरेपर्यंत. कांडीचा तुकडा नाही, टोपी नाही. काही सापडलं नाही म्हणजे उडालं, असं लिहून तो गेला. कागद बरोबर आहे.

ओटा महाशिवरात्रीच्या सुमारास झाला, खदानीच्या तोंडाशी, बोरीच्या झाडाखाली. दगड तेच, चादर नवी, नावही तेच. नाव बदलावं असं मी सुचवलंसुद्धा नाही. देवराव दुकानात आला, सुमनसाठी तुरीची डाळ घेऊन. बराच वेळ लोखंडी बिजागऱ्यांचे भाव विचारत बसला. शेवटी म्हणाला, “भाऊजी, थे एकशे एक.” मी म्हटलं, तिथं येऊन देतो.

आम्ही पुन्हा तीच सोपी वाट चाललो. सुमननं या वेळी नारळ फोडला. मी एकशे एक रुपये दिले ते गिरजाबाईच्या हातात. पावतीवर नाव बिसाहूचं घालायला सांगितलं. देवरावनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घातलं. नवी जागा मी स्वतः तपासली होती, खाली नुसता मुरूम आहे हे मला माहीत होतं. तरी पैसे मी दगडांच्या बाहेर उभं राहूनच दिले.